चमचाभर पुरण

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे शुभदानं पुरण घरून करून आणलं होतं. त्यांनी ऋताला आधी बोटाला लागेल एवढं चाटवलं, मग चमचाभर दिलं, मग वाटीभर. दुपार कलली तरी पोरीच्या अंगावर साधी पुळी उठली नाही. उलट तिनं वाटी चाटूनपुसून आणखी मागितलं.

"शेंगदाणा मात्र वर्ज्यच," डॉक्टर म्हणाले. "हरभरा त्याच्याच कुळातला, म्हणून रक्ताच्या तपासणीत तोही दिसला. पण हिला तो बाधत नाही. होळीच्या पुरणात दाणा कुठून तरी आला असणार."

कुठून ते शुभदाला पक्कं ठाऊक होतं. घरात दाणा आणायचा नाही हा नियम तिचाच. पण नवऱ्याला, नंदकिशोरला, कुटाशिवाय भाजी घशाखाली उतरत नाही, म्हणून होळीच्या सकाळी त्याच्या चाकणच्या कंपनीतल्या डब्यासाठी तिनं गुपचूप मिक्सरमध्ये मूठभर कूट केलं. सासूबाई पुरणयंत्र फिरवत बसल्या होत्या. "द्या इकडे, मिक्सरला लावते," म्हणत शुभदानं पुरण त्याच जारमध्ये घातलं. जार धुतला नव्हता, नुसता फडक्यानं पुसला होता.

ऋताचं तोंड सुजलं, श्वास अडकला, दवाखाना झाला. परत आल्यावर भरल्या घरात शुभदा सासूबाईंना, यशोदाबाईंना, म्हणाली, "तुमच्या हातचं खाऊन माझी पोर मरता मरता वाचली." यशोदाबाई सांगवीहून चऱ्होलीच्या आपल्या घरी निघून गेल्या. पोरीची डाळ तेव्हापासून बंद झाली. जार शुभदाला आठवला नव्हता असं नाही. तिनं तो आठवू दिला नव्हता. आता तिला स्वतःची किळस आली.

संध्याकाळी ती ऋताला घेऊन चऱ्होलीला गेली. यशोदाबाईंनी नातीला पाहिलं आणि जवळ घ्यायच्या आधी मोरीवर जाऊन हात धुतले, साबण लावून दोनदा.

शुभदाला उभं राहवेना. "आई, कूट मी केलं होतं. जारही मीच पुसला होता. डाळीचं काही नव्हतं."

यशोदाबाई ओल्या हातांकडे बघत राहिल्या. "म्हंजी माज्या हातानं न्हवतं झालं?"

"नाही."

"व्हय का," एवढंच म्हणून त्यांनी डाळीचा डबा उतरवला. मग फळीवरचं लखलखीत पातेलं काढून शुभदापुढं ठेवलं.

"आदी हे घास."

पातेलं स्वच्छच होतं. शुभदा मान खाली घालून मोरीवर बसली आणि घासू लागली.