दोन्ही बंद

"पण शाई आत घालणार कुठून?" ऑपरेशनच्या टेबलावर आडव्या झाल्या तरी बाईंचे प्रश्न संपले नव्हते.

"शाई नाही हो, औषधाचं निळं पाणी. मी खालून सिरिंजने सोडणार आणि डॉक्टर मॅडम पोटातून दुर्बिणीने बघणार. गर्भनळ्या मोकळ्या असल्या, तर पलीकडच्या टोकातून निळं बाहेर पडतं."

"आणि नसल्या तर?"

"तर सिरिंज पुढे रेटत नाही. माझ्या अंगठ्याला आधी कळतं."

"अंगठ्याला!" त्या खूश झाल्या. शिलाईकाम करणारी बाई, हाताला कळतं म्हणजे काय हे तिला वेगळं सांगायला नको. लग्नाला सात वर्षं झाली होती, मूल नव्हतं. तपासणी नवऱ्यालाही लिहून दिलेली, पण 'आधी हिचं होऊ दे' म्हणत त्याने दोनदा टाळलेली. हे त्यांनीच मला सांगितलं, शेजारणीची गोष्ट सांगावी तसं. मला चौकस माणसं आवडतात. मी स्वतः तशीच आहे. एकवीस वर्षं ही सिरिंज दाबते आहे, तरी पडद्यावर निळं दिसेपर्यंत मला धीर निघत नाही.

त्या दिवशी अंगठा सहज पुढे गेला. आधी डावीकडून, मग उजवीकडून निळं पाणी आलं. मॅडम "छान" म्हणाल्या, टाके घातले. भूल उतरून बाई चुळबुळ करायला लागल्या, तेव्हा दुर्बिणीचा दिवा आणि गॅसचं मशीन दाखवत मी रोजच्यासारखं विचारलं, "दोन्ही बंद?"

"हो, दोन्ही बंद," मॅडम म्हणाल्या. मी बटणं दाबली.

निकाल मॅडमच सांगणार, चारच्या फेरीला. थिएटरच्या माणसांनी तोंड उघडायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. तीनच्या सुमाराला मी वॉर्डात गेले ती नुसती चौकशीला. बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, तो कामाच्या कपड्यांतच आला होता आणि त्यांच्या पायांवरून हात फिरवत होता.

"अगं, बंद तर बंद. मी काही बोललो का तुला? तुझ्यात दोष निघाला म्हणून काय सोडून देणार आहे? आईला मी समजावतो."

फार मायेने बोलत होता. इतक्या मायेने, की मला त्याचा रागच आला.

"बंद कोण म्हणालं?" मी विचारलं.

"तुम्हीच की," बाई भिंतीकडे बघतच म्हणाल्या. "मी ऐकलं ना. दोन्ही बंद."

भूल उतरताना कान आधी जागे होतात, हे नव्या मुलींना मीच शिकवते. आणि माझ्या दोन शब्दांपायी ही बाई चार तास अशी पडून होती! नियम गेला खड्ड्यात.

"अहो, मशीनं बंद! दिवा आणि गॅस! तुमच्या नळ्या मोकळ्या आहेत, दोन्ही. मी स्वतः पाहिलं. चुकलं माझं, माफ करा मला."

बाई हळूहळू वळल्या. हसायला गेल्या, टाके दुखले, पोट धरून रडायलाच लागल्या. नवऱ्याचा हात मात्र पायावर होता तिथेच थांबला.

"मग..." तो म्हणाला.

"लिफ्ट अडकली," डोळे पुसत बाई म्हणाल्या, "की तुम्ही एकच बाजू तपासता का?"

तो नखांतलं ग्रीस काढत बसला. मग बाजूच्या खाटेला ऐकू जाणार नाही अशा बेताने त्याने विचारलं, "सिस्टर, ते... पुरुषांचं कुठे असतं?"

"तळमजल्यावर, शेवटची खोली. नाव नोंदवून या. कधी यायचं ते सांगतील."

तो उठला. दारापर्यंत जाऊन परत आला, पाण्याचा ग्लास बाईंच्या हाताशी सरकवला आणि गेला.

"बघता का जरा, खरंच तिकडे गेले का?" बाई म्हणाल्या.

मला तेवढंच हवं होतं. मी जिना उतरून डोकावले. त्या खोलीबाहेरच्या बाकावर चार पुरुष बसले होते, एकमेकांकडे न बघता. पाचवा तो होता.

वर येऊन मी सांगितलं, "बसलेत."

बाईंनी मान हलवली आणि डोळे मिटून घेतले.