मुरड

साखरबाईनं एका हातानं छत्री सावरली आणि दुसऱ्या हातानं तव्यावरची भाकरी उलटली. पणदऱ्यातल्या तिच्या स्वयंपाकघराचं छप्पर पत्र्याचं, शेजारच्या छबूबाईच्या उंच भिंतीला टेकलेलं. पाऊस आला की त्या सांध्यातून पाणी नेमकं गॅसवर. तिचा नवरा तात्याबा दर उन्हाळ्यात वर चढून सांध्याला डांबर फासायचा आणि खाली उतरून मिशीवर हात फिरवायचा. मिशीला डांबर लागायचं. गळती मात्र होती तिथंच.

शेवटी तिनं कोऱ्हाळ्याच्या मकसूदला बोलावलं. पत्रे ठोकता ठोकता त्याचे केस पिकले होते. उघडीप बघून तो बादली-तांब्या घेऊन वर गेला. आधी पत्र्यावर पाणी ओतलं. खाली साखरबाईनं धरलेलं ताट कोरडंच. मग सांध्याच्या वर वीतभर, भिंतीवर तांब्या रिकामा केला. ताट वाजलं.

"पत्रा चांगला हाय, वहिनी," तो खाली येऊन म्हणाला. "पाणी भिंतीवरनं उतरतंय अन् पत्र्याच्या मागं शिरतंय. भिंतीत दोन बोटं खाच पाडायची, पत्र्याची पट्टी वाकवून तिची वरची कड आत घालायची, वरनं सिमेंट. खालची कड पत्र्यावर. तुमी करंजीला मुरड घालता, तसंच. नुसत्या दाबलेल्या कडा उकलत्यात."

साखरबाईचा चेहरा उतरला. अकरा वर्षांपूर्वी लेकीच्या, छकुलीच्या, रुखवतात तिच्या करंज्या उकलल्या होत्या, आणि छबूबाईनं चार बायकांत म्हटलं होतं की मुरड न घालता दाबल्या की असंच व्हायचं. तेव्हापासून अबोला. काही सांगायचंच झालं, तर दोघी साखरबाईच्या म्हशीला सांगायच्या. आणि खाच पाडायची, ती छबूबाईच्या भिंतीत.

तात्याबाचं म्हणणं, पुढच्या साली डांबराचे दोन हात देऊ. साखरबाई वैरण घेऊन म्हशीपाशी गेली.

"ऐक गं. लोकांच्या भिंतीत खाच पाडायची म्हंजे इचाराय नगं का?"

शेजारच्या ओट्यावर छबूबाईचं सूप थांबलं.

"म्हस काय सांगणार? आत येऊन बघावं माणसानं."

आतल्या भिंतीवर तीन कॅलेंडरं ओळीनं टांगलेली, एक तर चार वर्षांमागचं. छबूबाईनं ते उचललं. मागं सगळे पोपडे, हिरवट ओल. साखरबाईनं तळवा टेकवून पाहिला. ओल नेमकी तिच्याच गॅसमागची.

"कधी बोलली न्हाईस?"

"कुणाला बोलू? म्हस तुझ्या बाजूची."

दुसऱ्या दिवशी पट्टी बसली. तात्याबा खालून मकसूदला डांबराबद्दल दोन सूचना करत राहिला. मग दोन दिवस पावसानं झोडपलं. साखरबाईनं छत्री मिटून खुंटीला अडकवली, पुरणयंत्राशेजारची, कड कापायची कातण तशीच ठेवली आणि बोटांनी एकेका करंजीला मुरड घातली. डबा घेऊन ती शेजारी गेली.

छबूबाईनं एक करंजी उचलली. कडेवरनं बोट फिरवलं, नखानं उचकटून पाहिलं. मुरड सुटली नाही. मग तिनं घास तोडला आणि बराच वेळ चावत राहिली. बाहेर म्हशीनं मान वर केली.

"सारण कमी हाय," छबूबाई साखरबाईच्या तोंडाकडं बघून म्हणाली.

साखरबाईनं पाट ओढला आणि बसली.