तापल्या चकतीच्या अगदी जवळ

मी टंगस्टनची सुई बोलतेय. कपडे शिवणारी नव्हे. माझं टोक माणसाच्या डोळ्याला दिसतसुद्धा नाही. तोक्योतल्या एका प्रयोगशाळेत मिनोरी हात्तोरीने तार द्रावणात बुडवून, झिजवून झिजवून मला घडवलं. अकरा तारा वाया गेल्या, बारावी मी.

तापवलेल्या चकतीवर अधांतरी लटकत राहायचं आणि तिच्यातून निघणारी उष्णता टिपायची, एवढंच माझं काम. टेकले की संपले, म्हणून मिनोरीच्या गुरूंची, कुवाबारा सेन्सेईंची, सक्त ताकीद होती, लांब ठेवा. लांब म्हणजे केसाच्या जाडीचा शंभरावा हिस्सा! पण तेवढ्यावरूनही मला नुसता मासळीबाजाराचा गलका ऐकू यायचा. अगदी चकतीलगत मात्र उष्णतेच्या लाटा एका तालात चालतात, असं मिनोरीचं गणित सांगत होतं. पुरावा नव्हता. मार्चमध्ये तिची शिष्यवृत्ती संपणार, मग पदवी विसरा आणि घरी जा.

एका दुपारी बाकीचे सगळे जेवायला गेले. पावलांनीही मी थरथरते, म्हणून मिनोरीने लिफ्टसुद्धा बंद करवली होती.

"सेन्सेई, आणखी खाली नेऊ?"

"अगं, मोडेल ती!"

"जपता जपता तीन वर्षं गेली. मोडली तर नवी करीन."

"पुन्हा अकरा तारा फुकट घालवून?"

"बावीस घालवीन!"

सेन्सेई हसले. हातातला डबा त्यांनी बाजूला ठेवला. "बरं, ने."

मी चाळीसपट जवळ गेले आणि गलका निवला. सगळ्या लाटा एकाच सुरात! चकतीवरच्या सोन्याच्या पट्टीच्या कडेवरून त्या परतत होत्या आणि संगणकाच्या पडद्यावर सारख्या अंतराने उजळ-काळ्या रेघा उमटत होत्या, हवा होता तोच पुरावा. मिनोरीचे डोळे भरून आले.

"रडतेस काय? वर उचल तिला," सेन्सेई म्हणाले. उचललं, रेघा गेल्या. खाली नेलं, त्याच जागी पुन्हा आल्या. पाच वेळा असंच झालं. तेव्हा सेन्सेई उठले आणि आपल्या विद्यार्थिनीपुढे वाकले. "चूक माझी. लांब मीच ठेवलं."

सहाव्या वेळी मी टेकले. टोक वाकलं. कुणी रागावलं नाही.

आज आठ फेब्रुवारी. दरवर्षीच्या रीतीप्रमाणे मोडक्या सुयांचे आभार मानून त्यांना टोफूत, म्हणजे सोयाबीनच्या मऊ पनीरात, विसावा द्यायला शिंपिणी देवळात जमल्यात. मिनोरीही मला घेऊन आलीय.

"ही कसली गं सुई?" एका आजींनी विचारलं.

"ऐकणारी, आजी."

"मग तर फारच दमली असेल बिचारी."

माझ्यामागून येणाऱ्या सुईला जवळ जाऊ द्या, एवढंच मागते. जन्मभर मला कशालाही टेकायची बंदी होती. मिनोरीने आत्ता मला मऊ, गार टोफूत हलकेच खोवलंय. मी टेकलेय, आणि काही बिघडलेलं नाही.