दिवसभर उघडी पानं

धाकट्या जावेचा पाय मोडला आणि दुकानातला प्रोग्रॅम जिना चढून वर गेला. निदान थोरलीला तरी ते असंच दिसलं.

चष्म्याची भिंगं घासून द्यायचा घरचाच धंदा. रस्त्याच्या बाजूला दुकान, मागे घासायची यंत्रं, वरच्या मजल्यावर बिऱ्हाड. ऑर्डरी लिहायचा प्रोग्रॅम नणंदेनं कधीकाळी करून दिलेला, आणि तो काउंटरवरच्या एकाच संगणकात होता. त्याच्यापुढे खुर्ची एक, आणि त्या खुर्चीत लग्न होऊन आल्यापासून थोरली. गिऱ्हाइकाचा नंबर, फ्रेम, कधी द्यायचं, सगळं तिच्या बोटांखालून जायचं. धाकटी शेजारी उभी राहून फ्रेमा दाखवायची. मग ती ओल्या फरशीवरून घसरली, पायाला प्लास्टर बसलं, आणि नणंद म्हणाली, "तसंही हे वेबवर न्यायचंच होतं. आता ब्राउझरमध्ये उघडेल. खाली, वर, दादाच्या यंत्राशेजारी, कुठेही. वहिनी, तुम्हाला नवीन काही शिकायला नको. पान दिसायला अगदी तेच ठेवलंय."

पान खरोखरच तेच होतं. रकाने तेच, खालचं निळं 'जतन करा' जिथल्या तिथे. आणि नेमकं म्हणूनच थोरलीला पाणी कुठेतरी मुरतंय असं वाटलं. सगळं तेच ठेवायचं होतं, तर बदललं कशाला? आता नंबर खाली थोरली लिहायची, आणि गिऱ्हाइकानं निवडलेली फ्रेम बाबा फोनवरून वर कळवत, ती धाकटी लिहायची.

त्यातून बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, जेवता जेवता सोडून दिलं होतं की आता त्यांच्याच्यानं होत नाही. थंडी सरली की दुकान एकीच्या हाती देऊन मोकळे होणार. 'एकीच्या' म्हणाले. थोरला मुलगा यंत्रापासून हलायचा नाही आणि धाकटा परगावी नोकरीला, तेव्हा उरल्या दोघी जावा. त्या जेवणानंतर थोरलीला वरच्या खोलीतला कुबडीचा आवाज ऐकायची सवय लागली. आवाज थांबला की तिला वाटे, बसली आता संगणकापुढे.

पहिल्यांदा आला तो बसचालक. त्यानं नवा चष्मा काउंटरवर ठेवला, ठेवला म्हणजे आपटलाच. "बाई, हा घालून गाडी चालवली तर थेट तुमच्या दुकानात शिरेन."

डाव्या डोळ्याचं भिंग उजवीकडे, उजव्याचं डावीकडे. थोरलीला पक्कं आठवत होतं. डॉक्टरांकडून फोन आला होता, डावा-उजवा उलट सांगितला गेलाय म्हणून, आणि तिनं तिथल्या तिथे सुधारून जतन केलं होतं. तिच्या पडद्यावर अजूनही बरोबरच दिसत होतं. आत नवऱ्याच्या पडद्यावर मात्र उलट.

"मला विचारू नकोस," नवरा म्हणाला. "समोर दिसतं तसं मी घासतो."

मग एका शिंपीणबाईंचं तसंच झालं. त्यांचा नंबरही थोरलीनं सुधारला होता, आणि तोही कुणीतरी पहिल्यासारखा करून ठेवला होता. कुणीतरी म्हणजे कोण? त्या पानाला हात लावणारी माणसं दोनच. बाबा गिऱ्हाइकासमोरच थोरलीकडे असे बघत राहिले की तिला वाटलं, आपल्यालाच चष्मा लागलाय असं त्यांना म्हणायचंय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती नवऱ्याच्या यंत्रापाशी जाऊन उभी राहिली. "मी सांगून ठेवते. ऑर्डरी एक तर ती लिहील नाही तर मी. माझ्या नावाला काळिमा लावून तिला खुर्ची हवीय."

"अगं, ती जिन्यावरून उतरू शकत नाही, खुर्चीत काय बसतेय?"

"खुर्ची आता वरच गेलीय. तुम्हाला दिसत नाही इतकंच."

नवऱ्यानं यंत्र बंद केलं. वाद घालण्यापेक्षा त्याला भिंग घासणं सोपं वाटायचं. "बरं. दुकान बंद करताना बाबांच्या कानावर घालतो."

पण नुसत्या तक्रारीनं थोरलीचं समाधान होईना. तिला धाकटीला रंगेहाथ पकडायचं होतं. सकाळी घेतलेल्या एका म्हाताऱ्या गवंड्याच्या ऑर्डरीत तिनं मुद्दाम डावा-उजवा उलट लिहिला होता. तो तिनं आता सरळ केला, जतन केला, आणि चहाचा कप घेऊन वर गेली.

"ताई, तुम्ही? आणि चहा घेऊन?" धाकटीनं कपाकडे असं पाहिलं, जणू आधी मांजराला पाजून बघावा.

"का, आणू नये? चालू दे तुझं काम. मी बसते जरा."

धाकटीच्या पडद्याच्या वरच्या कडेला दिवसाच्या सगळ्या ऑर्डरी ओळीनं उघडून ठेवलेल्या होत्या. तिनं गवंड्याचं पान पुढे आणलं, फ्रेमच्या रकान्यात 'तपकिरी, जाड काड्या' लिहिलं आणि निळं बटण दाबलं. नंबराच्या रकान्याकडे ती फिरकलीसुद्धा नाही. पण तिथे डावा-उजवा उलटाच होता. सकाळचा.

थोरलीनं तिचं मनगट धरलं. "हा नंबर कुणी बदलला?"

"कोणता? हा तर तुम्हीच सकाळी लिहिलाय."

"मी तो खाली आत्ता सुधारून आले!"

"मग मला काय विचारता?" धाकटीनं हात सोडवून घेतला. "आणि विचारायचंच असेल तर मी विचारते. मी लिहिलेले फ्रेमचे रंग रोज कोण पुसतं? काल काळी लिहिली, संध्याकाळी रकाना कोरा. परवा तेच. हे बघा." तिनं मोबाइल पुढे केला. त्यात तिच्या पडद्याचे फोटो होते, बरेच.

"माझ्यावर पुरावे गोळा करतेस?"

"आणि तुम्ही काय, चहा पाजायला आलात?"

थोरलीनं एकेक फोटो सरकवून पाहिला. रंग तिनं पुसले नव्हते. ते तिला माहीत होतं, अगदी तिला नंबर माहीत होते तितकं. धाकटीनंच नणंदेला फोन लावला आणि आवाज मोठा केला. दोघी एकदम बोलायला लागल्या. नणंदेनं ऐकून घेतलं.

"तुम्ही पानं उघडी ठेवता?" तिनं विचारलं. "दिवसभर?"

"म्हणजे काय! तूच सांगितलं होतंस, उघडायला वेळ लागतो, संध्याकाळपर्यंत बंद करू नका."

"ते जुन्याबद्दल, वहिनी. अरे देवा. जतन केलं की अख्खं पान नव्यानं लिहिलं जातं, नुसता तुमचा रकाना नाही. सकाळी उघडलेलं पान दुपारी जतन केलं, तर सकाळचंच सगळं त्याच्यावर बसतं. हिच्या पानानं तुमचे नंबर गेले, तुमच्या पानानं हिचे रंग. दुसऱ्यानं मध्ये बदललंय का, हे प्रोग्रॅमनं आधी बघायला हवं होतं. माझ्या डोक्यात अजून खुर्ची एकच होती."

तेवढ्यात खाली शटर ओढल्याचा खडखडाट झाला, आणि थोरलीला नवरा आठवला.

ती जिना उतरली ती जवळजवळ पडतच. उशीर झाला होता. नवरा भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होता आणि बाबांनी खिशात किल्ली टाकली होती.

"धाकटीला सांग, उद्यापासून ऑर्डरीला हात लावायचा नाही," बाबा म्हणाले. "तूच सांग. तक्रार तुझी."

कुणी तिला अडवलं नसतं. वर जाऊन सांगितलं असतं की संपलं असतं, आणि थंडी सरल्यावरचा प्रश्नही त्यातच मिटला असता. नणंद काय म्हणाली ते बाबांना कळेपर्यंत त्यांचा शब्द देऊन झाला असता, आणि बाबा दिलेला शब्द परत घेत नसत.

"तिनं काही केलेलं नाही," थोरली म्हणाली. "मी तिच्यावर आळ घेतला." मग तिनं उघड्या पानांचं सगळं सांगितलं, अडखळत, दोनदा उलटसुलट.

बाबांना त्यातलं किती समजलं कोण जाणे. "दुरुस्त होईपर्यंत काय करायचं? एकीनंच लिहायचं ना? कोण?"

"ती."

हे आपण बोललो याचं तिलाच नवल वाटलं. जिन्याच्या वरच्या टोकाला कुबडी वाजली. धाकटी तिथे उभी होती. केव्हापासून, ते तिलाच ठाऊक.

"मलाच का?" धाकटी वरून म्हणाली. "म्हणजे आता जे चुकेल ते माझ्या एकटीच्या नावावर?"

थोरली जिना चढून तिच्यापर्यंत गेली. "उद्या द्यायच्या सगळ्या ऑर्डरी आत्ताच तपासायला हव्यात. मी नंबर वाचते, तू लिही. पान एकच उघडायचं."

"आणि मी बरोबर लिहितेय हे तुम्हाला कसं कळणार?"

"शेजारी बसून."

"म्हणजे पहाराच."

"पहाराच," थोरली म्हणाली. "तूही ठेव माझ्यावर." आणि तिनं दुसरं स्टूल ओढून, प्लास्टरला धक्का लागणार नाही अशा बेतानं, पडद्यापुढे लावलं.