उमादेवींनी पाहिलेलं अस्वल

लातूरच्या गुरुपादप्पांना हिंडण्याफिरण्याचा भयंकर कंटाळा. भांड्यांचं दुकान, सोमवारचं देवदर्शन आणि दिसेल त्याला अक्कल शिकवणं, एवढ्यात त्यांचा आठवडा जायचा. पण नांदेडला राहणाऱ्या सुनेनं, मंजुषानं, परस्पर जंगलाची सहल ठरवून टाकली आणि बायको उमादेवी "मी तर जाणार" म्हणून अडून बसल्या. मग अप्पा आले. येताना तोंड घेऊन आले.

किनवटच्या पुढं जंगलाच्या गेटावर गाईड भेटला. अश्वजित त्याचं नाव. अंगावर मिलिटरीसारखे कपडे, डोळ्यांवर काळा चष्मा.

"बोलायचं न्हाई, खाली उतरायचं न्हाई. नशिबात असंल तर वाघ दिसंल," तो म्हणाला.

पहिली अट अप्पांना जड होती, दुसरी उमादेवींना. त्यांना शुगर. किनवटलाच त्या "जरा थांबवा की" म्हणाल्या होत्या, तर अप्पा म्हणाले, "गेटावर सोय असंल." गेटावर सोय होती. तिला कुलूप होतं आणि किल्ली घेऊन माणूस लग्नाला गेला होता.

जिप्सी निघाली. सागाची पानं सगळी खाली, वर नुसत्या काटक्या, मध्येच एखादा लालभडक पळस.

"ह्याला जंगल म्हणतेत व्हय? नुसता पाचोळा हाय," अप्पा म्हणाले.

"श्शू! ते बघा, रोही! नीलगाय!" अश्वजित कुजबुजला. मागच्या सीटवर त्याच जिप्सीत जागा मिळालेले एक अनोळखी प्राध्यापक होते, त्यांनी हातभर लांबीचा कॅमेरा उचलला.

"आरं, हे तर आमच्या हरभऱ्यात रोज येतंय!" अप्पा ओरडले. "आमचा सालगडी दगडं मारून हाकलतो त्याला!"

रोही पळालं. प्राध्यापकांनी कॅमेरा खाली ठेवला आणि अप्पांकडं असं पाहिलं, की आता ह्यांनाच दगड मारावा.

उमादेवींचं लक्ष रोह्याकडं नव्हतंच. प्रत्येक खड्ड्याला त्या डोळे मिटून गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरत होत्या. शेवटी देवानंही हात टेकले.

"थांबव रे बाबा."

"मावशी, हितं उतरायची परवानगी न्हाई," अश्वजित म्हणाला.

"मग गाडी धुवायची तयारी ठेव."

ड्रायव्हरनं कुणाला न विचारता ब्रेक मारला.

अश्वजितनं चौफेर पाहिलं, थोड्या अंतरावरची झुडपं दाखवली आणि फर्मान सोडलं, "गडीमाणसांनी समदी तोंडं तिकडं करा!" अप्पा, प्राध्यापक, ड्रायव्हर आणि स्वतः अश्वजित, चौघंही रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघत शाळेत शिक्षा झाल्यासारखे बसले.

झुडपामागं मंजुषानं पाठ फिरवून ओढणीचा पडदा धरला. उमादेवी टेकल्या आणि जन्माचं समाधान वाटून त्यांनी डोळे उघडले, तर समोरच्या वारुळाआडून अस्वल बाहेर आलं.

काळंकुट्ट, झिपरं, छातीवर पांढरा पट्टा. ओरडावं, तर गडीमाणसं धावत येणार, आणि ह्या अवस्थेत! पळावं, तर गुडघे धरलेले. सुनेनं हात दिल्याशिवाय त्यांना उठताच येत नव्हतं.

"मंजू, मागं बघू नको," त्या हळूच म्हणाल्या.

"मी कशाला बघू, आई?"

अस्वलानं उमादेवींकडं एकदा पाहिलं. मग वारुळात तोंड खुपसून, तुंबलेली मोरी मोकळी होताना येतो तसला आवाज करत वाळवी ओढायला लागलं. उमादेवी बघतच राहिल्या. भीती कधी गेली ते कळलंही नाही. त्याचं त्याचं चाललं होतं, ह्यांचं ह्यांचं. घरी बाथरूमात गेल्या तरी "माझा चष्मा कुठंय?" म्हणून दार वाजायचं. हे जनावर मात्र एका शब्दानं आड आलं नाही. पोट भरल्यावर फुरफुरत झाडीत निघून गेलं.

जिप्सीत चढल्यावर त्या म्हणाल्या, "अस्वल होतं."

चौघांच्या माना एकदम वळल्या. मंजुषा मटकन सीटवर बसली.

"मग हाक का न्हाई मारली?" अप्पा किंचाळले.

"तशी बसलेली असताना? बरं दिसलं असतं का?"

अश्वजितनं उडी मारली. "ठसे असतील! फोटो काढतो!" प्राध्यापक कॅमेरा घेऊन त्याच्यामागं निघाले.

"खबरदार!" उमादेवी कडाडल्या. "तिकडं कुणी पाऊल टाकायचं न्हाई. तुम्हाला कोणकोणते ठसे सापडतील, मला ठाऊक हाय."

दोघंही गुपचूप परत येऊन बसले.

संध्याकाळपर्यंत वाघ सोडाच, मोरही दिसला नाही. परतताना गाडीत अप्पा फोनवर लातूरच्या व्याह्यांना सांगत होते, "आम्ही अस्वल बघितलं की! हे एवढं थोरलं!"

उमादेवींनी त्यांच्या हातून फोन काढून घेतला. "मी बघितलं," त्या म्हणाल्या. "हे तिकडं तोंड करून बसले होते."

मग व्याह्यांच्या घरची खुशाली विचारून त्यांनी फोन स्वतःच्याच पर्समध्ये टाकला. नांदेडजवळचं मुदखेड येईपर्यंत अस्वलाची सगळी गोष्ट त्यांनी मंजुषाला पुन्हा पहिल्यापासून सांगितली, आणि अप्पा खिडकीकडं तोंड करून बसले.