रविवारची माफी

मुलांना इंग्रजी भराभर वाचता येत नाही, ही तक्रार आज कोणत्या घरात नाही? तुमच्याकडे असेल, शेजाऱ्यांकडे तर असेलच. पण या तक्रारीवर एका घराने जो उपाय शोधला तो ऐका, आणि मग आपापल्या घरात डोकावून पाहा.

या घरातले बाबा एका पार्सल कंपनीच्या गोदामात सुपरवायझर होते. सरकत्या पट्ट्यावरून खोकी येत, माणसे ती स्कॅन करून गाडीत चढवत, आणि जो मागे पडे त्याचे नाव भिंतीवरच्या फळ्यावर लाल खडूने लिहिले जाई. फळ्याची कल्पना बाबांचीच. काम वाढले म्हणून वरिष्ठांनी त्यांची पाठही थोपटली होती. खोक्यांच्या बाबतीत जे जमले ते लेकीच्या बाबतीत का जमू नये, असे त्यांना वाटले.

लेक दहा वर्षांची. इंग्रजी वाचताना ती ओळीवर बोट ठेवायची, लांब शब्दापाशी थबकायची, मनात जुळवायची आणि मगच उच्चारायची. बाबांनी तिचे नाव गोगलगाय ठेवले आणि ते कुटुंबाच्या फोनवरच्या ग्रुपवर बघता बघता रूढ झाले. त्या ग्रुपवर थोरल्या काकांनी एक प्रथा पाडली होती. दर रविवारी सगळ्या भावंडांनी तोच इंग्रजी उतारा मिनिटभर वाचायचा, आईबापांनी रेकॉर्डिंग पाठवायचे, आणि जो सर्वांत मागे राहील त्याने सगळ्यांची माफी मागायची. तीही इंग्रजीत आणि रेकॉर्ड करून. "आय ॲम स्लो, आय ॲम सॉरी." त्यावर काका-मामा मंडळी हसरे चेहरे पाठवत. मुलांना जरा टोचले की ती पळतात, हे काकांचे आवडते वाक्य.

माफी बहुतेक वेळा गोगलगायच मागायची. टायमर लावून बाबा समोर बसले की येत असलेले शब्दही पळून जायचे, आणि मग बाबांचा पट्टा सुरू व्हायचा. बोट काढ. तोंडात दगड ठेवलेत का? तुझ्यामुळे मला मान खाली घालावी लागते. आईने एकदा मध्ये पडून पाहिले, तेव्हा बाबांनी तिला गप्प केले. इंग्रजी पत्र वाचायला आपल्याला वेळ लागतो म्हणून आपण गोदामातच राहिलो, पोरीचे तसे होऊ द्यायचे नाही, असे ते म्हणाले. खोटे नव्हते ते. त्यांचा लेकीवर जीव होता. पण जीव लावून केलेला छळही छळच असतो, हे त्यांना कोण सांगणार?

सांगू शकली असती ती आत्या, बाबांची मोठी बहीण. बाबांना लहानपणी इंग्रजी वाचायला तिनेच शिकवले होते. एके काळी तिच्यापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती. पण पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. आता ती याच घरात, मागच्या खोलीत राहायची. रोज मोठ्याने वाचा, असे डॉक्टरांनी सांगितले होते. मोठ्या अक्षरांची म्हणून भाचीचीच जुनी इंग्रजी पुस्तके घेऊन ती एकेक शब्द लावत बसायची. दोघी ओळीवर बोट ठेवून वाचत. त्या खोलीत टायमर नव्हता, आणि गोगलगाय तिथे बरी वाचायची.

एका रविवारी बाबांना कामावर जावे लागले, आणि आई फोन घरीच ठेवून बाजारात गेली. दुपारी ग्रुपवर घरून रेकॉर्डिंग आले. खाली लेकीने आईच्या फोनवरून लिहिले होते, 'आज मी शेवटची नाही.' बाबांना आनंद झाला. ऐका माझी पोरगी, असे म्हणत त्यांनी फोनचा आवाज वाढवून सगळ्या कामगारांमध्ये धरला.

लेकीचा आवाज त्यात होता, पण वाचत ती नव्हती. वाचत होती आत्या.

"द... द... बॉ..."

"बोट काढ," लेक म्हणत होती. "बोट काढ म्हटलं ना! तोंडात दगड ठेवलेत का? तुझ्यामुळे आम्हाला मान खाली घालावी लागते. वेळ संपला. चल, माफी माग."

मग बराच वेळ नुसता घशातला आवाज. आत्याला ते वाक्य म्हणता येत नव्हते, आणि लेक तिला सोडत नव्हती. शेवटी 'सॉरी'तला 'सॉ' तेवढा आला आणि रडणे ऐकू आले.

पट्ट्यावर खोकी साचत गेली. फळ्यावर जिचे नाव त्या दिवशी होते ती बाई हळूच म्हणाली, "साहेब, आवाज लहान मुलीचा आहे, पण बोलणं ओळखीचं वाटलं."

ग्रुपवर एकही हसरा चेहरा आला नाही. काकांनी लिहिले, 'ही पोर इतकी निर्दय कशी झाली?' वा रे वा! जसे काही तिने हे आभाळातून आणले होते.

बाबा तडक घरी आले. आजारी माणसाशी असे वागतात का, म्हणून ते लेकीवर ओरडले. ती भिंतीला टेकून उभी होती.

"जरा टोचलं की पळतात ना?" ती म्हणाली. "आणि कोणीतरी शेवटचं लागतंच ना, बाबा? मग या वेळी मी नको."

बाबांनी हात उगारला. तो आत्याने आपल्या धड हाताने धरला आणि ती बोलू लागली. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता, पण मध्येच तो पुरा करायची कुणाची हिंमत झाली नाही.

"तू... लहानपणी... फार... अडखळायचास. मी... काय... केलं?"

बाबांना आठवेना. मारल्याचे आठवेना, हसल्याचेही नाही.

"थांबले," आत्या म्हणाली. "अर्थ... कळला... की... वेग... येतो. भीतीनं... नुसता... आवाज... येतो."

बाबांनी दोघींची माफी मागितली, आपल्याच आवाजात ती ग्रुपवर टाकली आणि ग्रुप सोडला. दुसऱ्या दिवशी गोदामातला फळाही त्यांनी ओल्या फडक्याने पुसला.

आता ते रोज संध्याकाळी लेकीजवळ बसतात. तिला आवडेल असे सोपे पुस्तक घेतात. आधी ते वाचतात, मग दोघे मिळून, मग ती एकटी. तोच उतारा चार दिवस चालतो. ती थबकली की ते थांबतात. वेग वाढतो आहे, हळूहळू का होईना. आत्या मात्र पुस्तक हातात घेत नाही. लेक वाचू का विचारायला गेली की भिंतीकडे तोंड करते.

परवा लेक एका लांब शब्दापाशी अडली. बाबांनी चष्म्यासाठी खिशात हात घातला. तिला वाटले, फोनच काढताहेत. पुस्तकातून मान वर न करता ती म्हणाली, "आय ॲम स्लो, आय ॲम सॉरी."

एका दमात म्हणाली, कुठेही न अडखळता. इंग्रजीतले एवढेच वाक्य तिला पूर्ण वेगाने येते, आणि ते तिला घरच्यांनी शिकवले आहे.

पालकहो, मूल अडले की आपण थांबावे, एवढेच. त्याच्या हातून काही सुटत असेल तर ते पुन्हा वाचून पकडता येते. पण आपण तोंडाने जे बोलतो ते मूल पहिल्याच वाचनात पाठ करते, आणि ते पुसायला कोणतेही फडके पुरत नाही.