हजेरीचं पाहून घेऊ
गावंडे सरांनी फारुखभाईंच्या दारात चपला काढल्या आणि बसायच्या आधीच कॉलेजचं माहितीपत्रक पुढे केलं. परतवाड्यातल्या त्या खोलीत शाळेच्या गणवेशांचा ढीग लागला होता. फारुखभाई मशीनवरून उठले नाहीत. त्यांची मुलगी निखत खाली बसून शर्टांना बटणं लावत होती.

राज्यशास्त्राच्या प्राध्यापकानं जूनमध्ये दारोदार पोरं मागत फिरावं, अशी वेळ आली होती खरी. पट घटला की विषय बंद, विषय बंद की सर घरी. निवडणुकीचा उमेदवार पाच वर्षांतून एकदा हात जोडतो; सरांना ते दरसाल जोडावे लागत.

"पोरीले बारावीत चांगले मार्क आहेत, फारुखभाई. बी.ए.ले टाका आमच्याकडे."

"रोज कशी पाठवू सर? हे काम कोण करन?" फारुखभाईंनी ढिगाकडे बोट दाखवलं.

या प्रश्नाचं उत्तर सरांना पाठ होतं. घरोघर तेच द्यावं लागे.

"रोज यायची गरजच नाही. परीक्षेले आली की झालं. हजेरीचं मी पाहून घेतो."

निखतची सुई थांबली. "पण सर, वर्गात शिकवता ना तुमी?"

"शिकवतो ना!" सर हसले. रिकाम्या बाकांना शिकवणं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं.

पण गणवेशांचा हंगाम सरला आणि निखत खरंच आली. पहिल्या बाकावर, एकटीच. सरांचा नाइलाज झाला. त्यांनी जुनी टिपणं झटकून 'हक्क' हे प्रकरण काढलं आणि वाचून दाखवू लागले. अर्ध्यातच तिनं विचारलं,

"सर, हक्क कागदावर आहे, पण घरात मागायची सोय नाही. मग तो हक्क म्हणावा काय?"

सरांनी टिपणं मिटली. उद्या सांगतो म्हणाले. त्या संध्याकाळी घरी अमरावतीला जायची नेहमीची बस सोडून ते ग्रंथालयात बसले. मग रोजच बसू लागले. इतक्या वर्षांनी वर्गावर जायच्या आधी ते नवी टिपणं पुन्हा पुन्हा चाळत, आणि त्याचा त्यांना लाज वाटावी इतका आनंद होत होता.

एका सोमवारी बाक रिकामा दिसला. आठवडाभर रिकामाच राहिला. शेवटी न राहवून सर तिच्या घरी गेले.

फारुखभाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं. "शादीच्या घागऱ्यांचं काम आलं सर. घरात हात पाहिजेत."

"अहो, हुशार आहे पोरगी. वर्गात बसलीच पाहिजे ती."

"सर, मले एक सांगा," फारुखभाई आवाज न चढवता म्हणाले. "यायची गरज नाही, हे या घरात कोण म्हणलं होतं? तुमच्या जबानीवर तर नाव टाकलं तिचं."

आपलेच दात अन् आपलेच ओठ. सरांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. निखतला आता बटणांवरून मशीनवर बढती मिळाली होती. तिनं मान वर केली नाही.

"हजेरी तेवढी लावून देजा सर," ती म्हणाली.

सर उठले. दारात शेजारच्या दुर्गाबाई भाजीची पाटी उतरवून त्यांचीच वाट पाहत उभ्या होत्या.

"सर, आमच्या रागिणीलेबी घ्या ना तुमच्या कॉलेजात. आली नाही तरी चालते म्हणतेत?"

प्रवेशाची वाढीव मुदत अजून सरली नव्हती, आणि विषय टिकायला पट अजून एका नावानं कमी होता. आत मशीन थांबली. सरांनी वळून पाहिलं. निखत त्यांच्याकडेच बघत होती.

सरांनी खाली वाकून चपला नीट केल्या, पायात सरकवल्या.

"चालते," ते म्हणाले. "हजेरीचं मी पाहून घेतो."

आत मशीन पुन्हा सुरू झाली.